मोटारीच्या कळा आणि चालकाचा हात

मोटारीच्या इतिहासात एंजिनाच्या शक्तीविषयी विपुल लिहिले गेले आहे. ज्या कळांनी ते यंत्र चालविले जाते, त्यांच्या मांडणीचा विचार मात्र क्वचितच आढळतो. वस्तुतः अपघाताचा दोष चालकाचा की रचनेचा, हा प्रश्न या मांडणीशीच निगडित आहे.

अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअर आला. त्याच्या दांड्याच्या क्रमात रिव्हर्सचे स्थान शेवटी, पुढे जाण्याच्या मंद गतीला लागून होते. मध्ये न्यूट्रल नव्हते. १९५१ च्या ‘फोर्डोमॅटिक’चा क्रम निराळा होता. साहजिकच एका गाडीवर बसलेला हात दुसरीत चुके. १९५८ च्या एडसेल मोटारीत तर गिअरची बटणे स्टिअरिंगच्या मध्यभागी बसविली गेली. तेथे हॉर्न दाबण्याची सवय असलेले चालक नकळत गिअरचे बटण दाबीत. पुढील वर्षीच ती योजना सोडून देण्यात आली.

राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या ग्रंथात गिअरक्रमातील या विसंगतीवर बोट ठेवले. १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून पुढील गती व रिव्हर्स यांमध्ये न्यूट्रल ठेवणे बंधनकारक ठरले.

आज अनेक कळांची जागा स्पर्शपटलाने घेतली आहे. चाचपून सापडणारी कळ तेथे नाही. नजर रस्त्यावरून काढावीच लागते. चालकास दोषी ठरविण्यापूर्वी त्याच्या हातासमोर काय ठेवले होते, हे तपासले पाहिजे, असाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.