'पास आऊट' म्हणजे पदवी की भोवळ? परदेशात बायोडेटा पाठवण्याआधी हे वाचा

'२०२२ पास आऊट' हे शब्द नोकरीच्या जाहिरातींत, लिंक्डइनवर, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतत दिसतात. "मी २०१९ला पास आऊट झालो" असं मराठीतही सर्रास म्हटलं जातं आणि सगळ्यांना ते कळतं. अडचण सुरू होते ती हेच वाक्य लंडन किंवा न्यूयॉर्कच्या एचआरपर्यंत पोहोचल्यावर. 'आय पास्ड आऊट इन २०१९' वाचून तिथल्या माणसाला आधी सुचतो तो अर्थ म्हणजे "मी २०१९मध्ये बेशुद्ध पडलो". जास्त दारू पिऊन आडवं होण्यालाही तिकडे हेच म्हणतात. बायोडेटात हे काही बरं दिसत नाही.

मग आपला वापर साफ चुकीचा का? तसंही नाही. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला 'पास आऊट' म्हणतात. पुण्याजवळच्या खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत म्हणजे एनडीएत होणारी 'पासिंग आऊट परेड' ती हीच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर मुलींना एनडीएची दारं उघडली आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ महिला कॅडेट तिथून पास आऊट झाल्या. हे वाक्य ब्रिटनमध्येही बिनचूक ठरेल. भारतात मात्र हा अर्थ लष्करापुरता न राहता इंजिनिअरिंग, बीकॉम, अगदी बारावीलाही लागू झाला.

गंमत म्हणजे परेडमध्ये दुसऱ्या अर्थानेही पास आऊट होता येतं. जून २०२३मध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम सुरू असताना कडक उन्हात काही सैनिक प्रिन्स विल्यम यांच्यासमोर भोवळ येऊन कोसळले होते.

तिसरा अर्थ वाटण्याचा. 'द टीचर पास्ड आऊट द पेपर्स' म्हणजे शिक्षकांनी पेपर वाटले. अमेरिकेत हा जास्त ऐकू येतो. ओळखायचं कसं, तर पुढे कर्म आहे का ते बघायचं. 'शी पास्ड आऊट द फॉर्म्स' म्हणजे तिने फॉर्म वाटले. नुसतं 'शी पास्ड आऊट' म्हणजे तिची शुद्ध हरपली. पत्त्यांच्या ब्रिज खेळात चौघांनीही बोली न लावता 'पास' म्हटलं, तर तो डावही 'पास्ड आऊट' होतो. 'पास अवे' हे मात्र वेगळंच क्रियापद, त्याचा अर्थ निधन होणं. दोन्हींची गल्लत नको.

बायोडेटात, व्हिसाच्या मुलाखतीत किंवा विद्यापीठाच्या अर्जात 'ग्रॅज्युएटेड इन २०१९' लिहावं. दहावी-बारावीसाठी 'कम्प्लीटेड' पुरतं. 'आय ॲम अ २०१९ पासआऊट'ऐवजी 'आय ॲम अ २०१९ ग्रॅज्युएट' म्हणावं. भारतातल्या कंपनीला अर्ज करताना 'पासआऊट' चालून जातं, कारण जाहिरातीतच ते लिहिलेलं असतं.

उलट बाजूने होणारी चूक जास्त महागात पडू शकते. मुलगा परदेशात शिकतोय आणि त्याच्या रूममेटचा फोन आला, 'ही पास्ड आऊट', तर पेढे आणायला धावू नका. तो शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का आणि ॲम्ब्युलन्स बोलावली का, हे आधी विचारा.