जाफन्याचं ग्रंथालय आणि आमचा बॅकअप

गेल्या महिन्यात एका शनिवारी पहाटे आमचा एक सर्व्हर झोपला. फोनाफोनी झाली, सगळे डोळे चोळत कॉलवर आले आणि अडीच तासांत बॅकअपवरून सगळं जागच्या जागी आलं. कॉल संपता संपता मी सवयीने बोलून गेलो, "बॅकअप आहे तर जळून जळून काय जळणार?" टोरांटोहून कॉलवर असलेला आमचा एक सहकारी (आई-वडील मूळचे जाफन्याचे) जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आमच्या गावची लायब्ररी जळली होती." बस, एवढंच.

श्रीलंका म्हटलं की मला जयसूर्या, मुरलीधरन आणि फार तर एलटीटीई आठवणार. थोडी लाज वाटली. रविवारी बसून वाचून काढलं, ते इथे मांडतोय.

जाफना हे श्रीलंकेच्या उत्तर टोकाचं तमिळ शहर. १९३३ साली के. एम. चेल्लप्पा नावाच्या गृहस्थांनी आपल्या घरातच लोकांसाठी छोटं वाचनालय सुरू केलं. ते वाढत वाढत गावाचं झालं. पुढे मोठी इमारत बांधायचं ठरलं तेव्हा आराखडा केला मद्रासच्या व्ही. एम. नरसिंहन यांनी आणि सल्ला दिला एस. आर. रंगनाथन यांनी. रंगनाथन म्हणजे मूळचे गणिताचे प्राध्यापक, नंतर मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल आणि भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक! ग्रंथालय ही सतत वाढणारी, जिवंत गोष्ट आहे, हा त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी शेवटचा नियम. १९५९ मध्ये ती पांढरी, घुमटाची इमारत उघडली आणि पुढची बावीस वर्षं त्या नियमाप्रमाणे वाढत राहिली. १९८१ पर्यंत तिथे सुमारे ९७,००० पुस्तकं होती. शिवाय ताडपत्रावरच्या पोथ्या, जुनी वर्तमानपत्रं वगैरे.

आता बाहेर काय चाललं होतं ते बघू. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली होती. १९७० च्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे नियम असे बदलले की तमिळ मुलांना जास्त मार्क मिळवूनही जागा मिळेना. (इंजिनिअरिंगची ॲडमिशन ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ही आग कुठे लागते ते सांगायला नको.) ज्या समाजाची सगळी भिस्त शिक्षणावर, त्याच्यासाठी ग्रंथालय ही नुसती इमारत नव्हती.

४ जून १९८१ ला जिल्हा विकास परिषदांच्या निवडणुका होत्या. ३१ मे रोजी जाफन्यात तमिळ पक्षाच्या सभेच्या ठिकाणी पोलिसांवर गोळीबार झाला, त्यात पोलीस मारले गेले. त्या रात्रीपासून पोलीस आणि त्यांच्यासोबतचे लोक शहरात सुटले. बाजार जळला, तमिळ पक्षाचं कार्यालय जळलं, तिथल्या खासदारांचं घर जळलं, 'ईळनाडू' या वर्तमानपत्राची कचेरी जळली. आणि ग्रंथालय जळलं. सरकारमधले दोन मंत्री त्या दिवसांत जाफन्यातच होते. म्हणजे ज्यांनी आग विझवायची, त्यांनीच ती लावली. आजपर्यंत या प्रकरणात कुणाला शिक्षा झालेली नाही.

नेटवर एक गोष्ट सर्रास सापडते, की 'याळ्पाण वैपवमालै' या जाफन्याच्या इतिहासग्रंथाची जगातली एकमेव प्रत त्या आगीत गेली. हे काही खरं नाही. त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १८७९ मध्येच छापलं गेलं होतं. तो वाचला, कारण त्याच्या प्रती झाल्या होत्या! गेलं ते ज्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि त्याची यादी करणारं ग्रंथालयच जळाल्यावर, नेमकं काय गेलं ते सांगणार कोण? आमच्याकडे निदान लॉग तरी उरतात.

१९८३ मध्ये कोलंबोत तमिळांविरुद्ध दंगली उसळल्या आणि मग २००९ पर्यंत युद्ध चाललं. दरम्यान १९९८ मध्ये सरकारने देशभरातून पुस्तकं आणि विटा गोळा करायची मोहीम काढून ग्रंथालय पुन्हा बांधायला घेतलं. फेब्रुवारी २००३ मध्ये उद्घाटन ठरलं, तर जाफन्यातूनच विरोध झाला! मला आधी हे कळेना. नवी इमारत मिळतेय तर घ्या ना! पण विरोधामागचा एक मुद्दा विचार करायला लावणारा होता: पांढरा रंग दिला की जळल्याची खूण जाते, आणि खूण गेली की कुणी काय केलं हा प्रश्नही जातो. शेवटी ग्रंथालय उघडलं, आज ते सुरू आहे. २००५ पासून 'नूलहम' नावाचा प्रकल्प श्रीलंकेतलं तमिळ साहित्य स्कॅन करून सगळ्यांना मोफत देतो. चाळीस वर्षांपूर्वी नसलेला बॅकअप आता हळूहळू तयार होतोय.

हे सगळं वाचताना मला सारखा पुण्यातला लॉ कॉलेज रस्ता आठवत होता. ५ जानेवारी २००४ ला एका इंग्रजी पुस्तकावरून जमावाने भांडारकर संस्थेत घुसून नासधूस केली, पुस्तकं-पोथ्या भिरकावल्या. तेव्हा मी पहिलीत होतो. नंतर इंजिनिअरिंगची चार वर्षं त्याच रस्त्याने बाईकवरून गेलो, एकदाही आत डोकावलो नाही. दोन्ही घटना सारख्या नाहीत हे मान्य. तिकडे वर्दीतले लोक होते आणि सगळं राख झालं, इकडे जमाव होता आणि संस्था उभी राहिली. पण पुस्तक फाडणारा हात इतिहासाच्या प्रेमापोटीच उठलाय, असं आपल्याला कुणी सांगितलं तर आपण दोन मिनिटं ऐकून घेतो, हे मात्र खरं.

असो. सोमवारी त्या सहकाऱ्याला मेसेज केला, "वाचलं." त्याचं उत्तर आलं, "थँक्स. घरी आई-बाबा अजून तिला 'आपली लायब्ररी' म्हणतात."

पुढच्या शनिवारी भांडारकरला जायचं ठरवलंय. कुणी येतंय का?