टेलिफोन आणि वृद्धांचें चालणें

टेलिफोन हें यंत्र मनुष्याचे पाय वांचविण्यासाठींच जन्मास आलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ता. २८ जानेवारी १८८२ रोजीं मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं आणि पेढीवरच्या निरोप्याची धांवपळ कमी होऊं लागली. ज्या यंत्रानें माणसाला खुर्चीवर बसविलें, त्याचाच उपयोग पुढें वृद्धांना खुर्चीवरून उठविण्याकडे व्हावा, हा इतिहासाचा मोठा मौजेचा फेरा आहे.

या कथेचे दोन धागे एकाच शहरांत व एकाच महिन्यांत सांपडतात. नोव्हेंबर १९५३ मध्यें लंडन येथें डॉ. जेरी मॉरिस यांचें संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर चालक दिवसभर बसून असे, तर तिकिटें देणारा कंडक्टर दिवसाकाठीं शेंकडों पायऱ्या चढे-उतरे. हृदयविकार चालकांत अधिक आढळला, कंडक्टरांत कमी. व्यायाम म्हणजे तालमींतल्या तरुणांचा विषय, या समजुतीला तेथें मोठा धक्का बसला. डॉ. मॉरिस स्वतः ९९ वर्षें जगले.

त्याच महिन्याच्या २ तारखेला, त्याच लंडनमध्यें, चॅड व्हारा नांवाच्या धर्मोपदेशकानें जिवाला कंटाळलेल्या लोकांसाठीं आपल्या चर्चमध्यें टेलिफोनची सोय केली. लोक फोन करीत, तसेच भेटीलाही येत. गर्दी वाढली, तेव्हां ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठीं व त्यांच्याजवळ बसण्यासाठीं कांहीं साधे स्वयंसेवक पुढें आले. लौकरच असें दिसून आलें कीं, या स्वयंसेवकांशीं बोलूनच पुष्कळांचें मन हलकें होतें. उपदेशकाची गरजच उरत नाहीं. फेब्रुवारी १९५४ मध्यें व्हारा यांनीं तें काम स्वयंसेवकांच्याच स्वाधीन केलें. 'समॅरिटन्स' ही संस्था ती हीच.

हे दोन धागे पुढें अमेरिकेंत एकत्र आले. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं पन्नाशी ओलांडलेल्या १८१ लोकांवर एक वर्षभर प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. कांहींना तज्ज्ञ नोकर टेलिफोनवरून हालचाल वाढविण्याविषयीं सल्ला देत. कांहींना शिकवून तयार केलेले समवयस्क स्वयंसेवक देत. उरलेल्यांशीं केवळ आहाराविषयीं बोलणें होई. तज्ज्ञांच्या गटाची हालचाल वाढली, आणि स्वयंसेवकांच्या गटाचीही वाढली. पगारी विद्येनें जें साधलें, तें समवयस्काच्या आपुलकीनेंही साधलें.

याचें कारण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. डॉक्टर सांगतात, "रोज चाला." वृद्ध मान डोलावतो, परंतु घरीं आल्यावर त्याला गुडघा आठवतो, जिना आठवतो, रस्त्यावरचीं कुत्रीं आठवतात. समवयस्काचाही गुडघा दुखत असतो, म्हणून तो उपदेश करीत नाहीं, विचारतो, "आज दारापर्यंत तरी जाऊन आलांत ना?" ठरविलेलें पाऊल लहान असावें, पुढच्या आठवड्यांत त्याची चौकशी व्हावी, आणि खंड पडला तरी दोष न देतां पुन्हां आरंभ व्हावा, एवढेंच या पद्धतीचें मर्म आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल सांगितली, व पासष्टीनंतर तोल सांवरण्याचे व्यायाम आठवड्यांतून निदान तीन दिवस. तथापि अजिबात न हलण्यापेक्षां थोडें हलणेंही हिताचें, असेंही बजावलें आहे. अर्थात् छातींत कळ आली किंवा घेरी आली, तर तेथें मित्राचें काम संपतें व डॉक्टरांचें सुरू होतें.

आपल्या देशांत २०१७ सालीं हैदराबाद येथें टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्यानें वृद्धांसाठीं टेलिफोनसेवा सुरू झाली. तिच्यांतूनच १४५६७ या क्रमांकाची 'एल्डर लाइन' वाढली व २०२१ सालीं ती देशव्यापी झाली. महाराष्ट्रांत तिचें काम पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनकडे आलें. माहिती, मार्गदर्शन, मनाला धीर आणि संकटकाळीं मदत हें या सेवेचें कार्य. परंतु तेथें फोन वृद्धानें करावयाचा असतो, "आज चाललांत काय?" असें विचारण्यासाठीं आपण होऊन येणारा फोन ही निराळी गोष्ट आहे.

तिची गरज कोठें आहे, हें शेलूसारख्या गांवीं दिसतें. १८५६ सालीं कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी गेली. त्याच बाजूला वांगणी व नेरळ यांच्या दरम्यान आज शेलूचें स्टेशन आहे. पूर्वी येथील म्हाताऱ्याला चालण्याचा उपदेश करावा लागत नसे. शेत, विहीर, देऊळ आणि बाजार हेच त्याची चाल मोजीत. आतां तेथें नव्या वसाहती उठल्या. पहाटेच्या लोकलनें मुलगे-सुना मुंबईकडे जातात आणि लांबलचक दिवस वृद्धांच्या वांट्याला येतो. खुर्चींत बसून पाय अशक्त होतात, अशक्त पाय अडखळतात, आणि एकदां पडल्याची धास्ती बसली कीं उंबरठाच गांवाची वेस होतो.

महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, 'फेस्कॉम' हा त्यांचा महासंघ आहे, आणि टेलिफोन तर आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. दहा वृद्धांनीं दहा वृद्धांची चौकशी आठवड्यांतून एकदां करण्याचें पत्करलें, तर त्याला ना इमारत लागते, ना अनुदान. फोन करणारालाही मग स्वतः चालावेंच लागतें. कारण जो स्वतः घरांत बसून राहिला, त्याला दुसऱ्यास विचारण्याचें तोंड उरत नाहीं.