कानाशी कुजबुज
* आवाजाची दिशा आपण दोन खुणांवरून ओळखतो, असे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्ये मांडले: दोन कानांपर्यंत पोचण्यातला वेळेचा फरक आणि पातळीतला फरक. लांबून येणाऱ्या खर्जाला डोके फारसे अडवत नाही, त्यामुळे तिथे दुसरी खूण क्षीण असते. उगम मीटरभराच्या आत आला की मात्र चित्र पालटते. वेळेचा फरक जवळपास तेवढाच राहतो. पण कानाच्या अगदी लगत, ५०० हर्ट्‌झलाही, पातळीचा फरक १५ डेसिबलच्या पुढे जातो. म्हणूनच दुरून मोजलेला आवाज हेडफोनमध्ये नुसता वाढवला तर तो मोठा होतो, जवळ येत नाही. प्रत्येक कानासाठी उगमाचा कोन आणि अंतर वेगळे धरावेच लागते. डोके म्हणजे एक टणक गोल, एवढ्या साध्या गृहीतकावरही हे गणित विलक्षण चांगले जमते.