नाळ कापणारे हात

ग्रामीण साहित्याविषयी लिहिताना ‘मातीशी जोडलेली नाळ’ हा शब्दप्रयोग आम्ही सर्रास करतो. वर्गात शिकवतानाही तो सहज ओठांवर येतो. परंतु खरीखुरी नाळ कापणारी, वार जमिनीत पुरायला सांगणारी बाई कोण होती, हा प्रश्न आम्हांला क्वचितच पडतो. तो प्रश्न आम्ही येथे हिंगोली परिसराच्या निमित्ताने विचारतो आहोत.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दवाखाना असला तर तालुक्याच्या गावी, वाट बैलगाडीची. पावसाळ्यात कयाधूला पूर आला की तीही बंद. अशा वेळी गावातली सुईण, म्हणजेच दाई, हाच आधार असे.

तिचे शिक्षण सासू किंवा आईच्या हाताखाली होई. पोटावर हात फिरवून ती बाळाची ठेवण ओळखी, कळा सोसणाऱ्या बाईला धीर देई, उकिडवे बसवून मागून आधार देई. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. पुढे बाळंतिणीचे न्हाणे, शेक, धुरी, बाळाचे मालीश हेही तिच्याकडेच. मोबदला म्हणजे धान्य, चोळीचा खण, नारळ. मुलगी झाली तर बहुधा कमीच.

तरीही बारा बलुतेदारांच्या आणि अठरा अलुतेदारांच्या प्रचलित याद्यांत सुईण सापडत नाही. सुताराचा, लोहाराचा हक्क गावगाड्याने मोजला. हिचे काम मात्र ‘बायकांतले’ ठरले. त्यातही ही सेवा अनेक गावांत मांग वा महार समाजातील स्त्रिया करीत. बाळाला पहिला स्पर्श त्यांचा होई आणि सोयर फिटली की त्याच घराचा उंबरठा त्यांना बंद होई. जन्मकाळी चालणारा हात एरवी विटाळाचा कसा, हे कोडे गावाने सोडवले नाही. ते सोयीने बाजूला ठेवले.

म्हणून आम्ही तिचे भाबडे गौरवगीत गाणार नाही. विळ्याने कापलेल्या, राख वा शेण लावलेल्या नाळेतून धनुर्वात होऊन असंख्य अर्भके दगावली. मात्र नाळ कापण्याची घाई करू नये, निदान मिनिटभर थांबावे, असे आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. एकाच नाळेपाशी तिचे शहाणपण आणि तिचे अज्ञान दोन्ही उभे आहेत.

१९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेने दाईंच्या प्रशिक्षणाला देशभर गती दिली. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपण दवाखान्याकडे वळले. २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. हे सारे इष्टच झाले. पण सुईण मागे सरली, ती आपली नोंद न ठेवताच. पूर्वी कुणाचे वय ठरवायचे तर ‘त्या दुष्काळात’, ‘त्या पुरात’ अशी आठवण तिलाच विचारीत. गावाची जन्मनोंद तिच्या स्मरणात होती. गावाच्या दप्तरात ती स्वतः नव्हती.

आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी अजून तिच्या हातून जन्मलेली माणसे आहेत. त्यांना तिचे नाव विचारावे आणि लिहून ठेवावे. ‘मातीशी नाळ’ हे शब्द पुन्हा वापरण्यापूर्वी एवढे तरी आम्ही तिचे देणे लागतो.