काजवे, भंडारदरा परिसरातील

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात मेअखेरीपासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत मोठ्या संख्येने दिसणारे प्रकाशमान भुंगेरे. गण कोलिऑप्टेरा, कुल लॅम्पिरिडी. घाटघर, उडदावणे, पांजरे, मुतखेल, रतनवाडी, साम्रद या गावांभोवतीची झाडी ही त्यांची मुख्य ठिकाणे. यातील बरेचसे क्षेत्र 1986 मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडते. जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत असला, तरी घाटघर राज्यातील अतिपावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे.

जीवनक्रम : काजव्याचे उडते आयुष्य साधारणतः दोन-तीन आठवड्यांचे. बाकी सारा काळ अंडी, अळी व कोष या अवस्थांत, दमट मातीत आणि कुजक्या पाल्यात जातो. अळी मांसाहारी असून गोगलगाई, गांडुळे यांना चाव्यातील विषाने बधिर करून खाते. पुष्कळ जातींचे प्रौढ फारसे काही खात नाहीत. अळीने साठवलेल्या शिदोरीवरच त्यांचे भागते. म्हणून झाडावरच्या चमचमाटापेक्षा झाडाखालचा पाला अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. उदराच्या टोकाशी ल्युसिफेरिन हे द्रव्य ल्युसिफरेज विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग पावते व जवळजवळ उष्णतारहित प्रकाश निर्माण होतो. नर ठरावीक लयीत लुकलुकतात. अनेक जातींत मादी खालच्या गवता-झुडपांतून उत्तर देते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर शेकडो काजव्यांची उघडझाप एका लयीत होताना दिसते.

ऱ्हास : अधिवासाचा नाश, रात्रीचा कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके हे काजव्यांवरील प्रमुख धोके असल्याचे 2020 मध्ये ‘बायोसायन्स’ नियतकालिकातील जागतिक आढाव्यात नोंदले आहे. भंडारदऱ्यातही काजवे पूर्वीइतके राहिले नाहीत, असे म्हटले जाते.

अधिवास व्यवस्थापन : आतापर्यंतचा भर पर्यटकांना आवरण्यावर आहे. वन विभाग रात्रीच्या प्रवेशाला वेळेची मर्यादा घालतो. विजेरी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, गोंगाट यांना मनाई करतो. वाहनांच्या दिव्यांचा झोत पडला की नर-मादीचे संकेत एकमेकांना दिसत नाहीत. झाडाखाली गर्दी झाली तर गवतातील माद्या आणि मातीतील कोष तुडवले जातात. हे नियम हंगामापुरते असतात. अळीचा काळ त्याबाहेर पडतो. उन्हाळी वणव्यात पाला जळाल्यास दमटपणा व भक्ष्य दोन्ही नाहीसे होतात. त्यामुळे वेळेवर काढलेल्या जाळरेषा, ओढ्याकाठची न तोडलेली झाडी आणि पाला न उचललेल्या देवराया यांचे मोल मोठे आहे. भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत जुनी आहे. तो विस्तव वावराच्या बांधाबाहेर जाऊ न देणे एवढी अपेक्षा पुरेशी ठरावी.

काजवा महोत्सव : मे-जूनमध्ये भरतो. त्यातून स्थानिक महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना निवास, जेवण व वाटाड्याच्या कामाचे उत्पन्न मिळते.