उन्हाळ्यात लाईट नेमकी कुठे अडते? ग्रीड, फीडर आणि डीपी : समजून घ्या सोप्या भाषेत

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. दिवसभर तापलेला पत्रा अजून गार झालेला नाही. घरोघरी कूलर सुरू होतात आणि तेवढ्यात लाईट जाते. लगेच गावच्या ग्रुपवर मेसेज पडायला लागतात. ‘लोडशेडिंग चालू झालं का?’ ‘वरूनच बंद आहे म्हणे.’ ‘वायरमन फोन उचलत नाही.’

दक्षिण सोलापूर तालुक्यात तर हा प्रश्न जास्तच बोचतो. आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पाची उंच धुराडी रानातून दिसतात. प्रकल्पाची क्षमता १,३२० मेगावॉट. मग वीज तयार होते आमच्या शिवारात आणि अंधार आमच्याच घरात, हे कसं?

याचं उत्तर सोपं आहे. उजनी शंभर टक्के भरलं म्हणून टेलच्या रानाला पाणी मिळतंच असं नाही. फाटा गाळानं भरलेला असेल, मध्ये कुणी दार उचललं असेल, तर धरण भरलेलं असूनही शेवटचं रान कोरडंच राहतं. विजेचंही तसंच आहे. उन्हाळ्यात गावातली लाईट जाते तेव्हा बहुतेक वेळा देशात वीज कमी पडलेली नसते. ती शेवटच्या फाट्यावर, म्हणजे फीडरवर नाहीतर डीपीवर अडलेली असते.

वीज घरापर्यंत येते कशी?

प्रकल्पात तयार झालेली वीज थेट शेजारच्या गावात जात नाही. ती आधी ७६५, ४००, २२० किलोव्होल्टच्या मोठ्या मनोऱ्यांवरून ग्रीडमध्ये जाते. एनटीपीसीच्या विजेत महाराष्ट्राबरोबर इतर राज्यांचाही वाटा असतो. पुढे मोठ्या उपकेंद्रांत दाब कमी होत होत वीज आपल्या भागातल्या ३३/११ केव्ही सबस्टेशनला येते. तिथून ११ केव्हीचे फीडर निघतात, काही गावठाणाचे आणि काही शेतीचे. फीडरवरून वीज डीपीला येते आणि डीपीतून २३० व्होल्टनं घरात, ४०० व्होल्टच्या आसपास थ्री फेजनं मोटरला.

२००५ साली राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं. तेव्हापासून राज्याची स्वतःची निर्मिती महानिर्मितीकडे, मोठ्या लाईनी महापारेषणकडे आणि सबस्टेशनपासून मीटरपर्यंतचं काम महावितरणकडे आहे. आपली तक्रार जाते ती महावितरणकडे.

मोठी ग्रीड किती भक्कम आहे?

देशभरची ग्रीड ५० हर्ट्झ या एकाच तालावर चालते. वापर वाढला आणि निर्मिती तेवढी नसली की हा आकडा खाली घसरतो. ठरवून दिलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढाच आहे. तो सांभाळण्यासाठी राज्याचं भार प्रेषण केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला चोवीस तास जागं असतं. आकडा फारच घसरला तर काही फीडर आपोआप बंद होतात, म्हणजे सगळी ग्रीड कोसळत नाही.

ग्रीड कोसळली तर काय होतं, ते २०१२ साली दिसलं. ३० जुलैला उत्तर भारताची आणि दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीड बंद पडली. जवळपास ६२ कोटी लोक राहतात एवढ्या भागावर परिणाम झाला. सुरुवात झाली ती मध्य प्रदेशातली बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन जादा भारानं ट्रिप झाल्यानं. महाराष्ट्र ज्या पश्चिम ग्रीडमध्ये आहे, ती त्या वेळी वाचली.

पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिण भारताची ग्रीड उरलेल्या देशाला जोडली गेली. ‘एक देश, एक ग्रीड’ म्हणतात त्याची शेवटची गाठ आपल्या सोलापूरला बसली. आज राजस्थानच्या उन्हाची वीज आपल्याकडे येऊ शकते.

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॉटवर गेली. कडक उन्हातली ही मागणी ग्रीडनं पेलली. दुपारी सौर ऊर्जेची मोठी मदत होते. खरी ओढाताण होते ती सूर्य मावळल्यावर. सौर निर्मिती शून्यावर येते आणि पंखे, कूलर, एसी तर चालूच असतात. तेव्हा औष्णिक प्रकल्प आणि कोयनेसारखे जलविद्युत प्रकल्प यांच्यावर भार येतो.

खरोखर टंचाई आली तर भारनियमन होतं. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची चणचण होती, तेव्हा हे झालं. अशा वेळी फीडरवरची वीजगळती आणि वसुली पाहून गट पाडलेले असतात. गळती जास्त, वसुली कमी, त्या फीडरचा नंबर आधी. म्हणजे चार जणांच्या आकड्यांची किंमत पूर्ण गाव मोजतं. पण भारनियमन जाहीर नसतानाही लाईट जाते, आणि उन्हाळ्यात रोज जाते. त्याचं कारण आणखी खाली आहे.

डीपीला ऊन लागतं म्हणजे काय होतं?

डीपीच्या टाकीत तेल असतं. तारांच्या वेटोळ्यांत तयार झालेली उष्णता ते तेल बाहेर नेतं आणि हवेत सोडतं. बाहेरची हवाच ४३-४४ अंशांवर असेल तर उष्णता सोडायची कुठे? त्यातच भार वाढलेला. करंट दुप्पट झाला की तारांत तयार होणारी उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. वेटोळ्यांवर कागदाचं वेष्टण असतं. तापमान मर्यादेच्या वर गेलं की दर ६ अंशांना त्या कागदाचं आयुष्य निम्मं होतं, असा इंजिनीअर लोकांचा हिशोब आहे.

पूर्वी रात्री घरात एक-दोन पंखे असायचे, डीपीला रात्रभर गार व्हायला वेळ मिळायचा. आता रात्रीही कूलर चालू, काही घरांत एसी. एक पंखा ७५ वॉटपर्यंत घेतो, कूलर दीड-दोनशे आणि दीड टनाचा एसी साधारण दीड हजार. म्हणजे एक एसी वीस पंख्यांएवढा. दहा वर्षांपूर्वी ज्या भारासाठी डीपी बसवला, त्यावर आज गाव किती वाढलंय ते तुम्हीच मोजा.

तारांचंही तेच. ॲल्युमिनियमची तार तापली की लांब होते आणि झोळ पडतो. वारं सुटलं की दोन तारा घासतात, ठिणगी पडते आणि फीडर ट्रिप होतो. खाली उभा ऊस असेल तर तो पेटतो.

व्होल्टेज का उतरतं?

घरात २३० व्होल्ट यायला हवेत. ६ टक्के वरखाली चालतं, म्हणजे २१६ ते २४४. डीपीपासून लांबच्या वस्तीवर संध्याकाळी १८० पर्यंत उतरलं तर मोटरची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास येते. पंखा फिरतो पण वारं लागत नाही. फ्रिज नुसता घूं घूं करतो. पाण्याची मोटर तेवढंच पाणी ओढण्यासाठी जास्त करंट घेते, तापते आणि जळते. तो जादा करंट पुन्हा त्याच डीपीवर पडतो.

एका डीपीचा हिशोब

१०० केव्हीएचा डीपी प्रत्येक फेजवर साधारण १३३ अँपिअर देऊ शकतो. पाच एचपीची मोटर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. म्हणजे सतरा-अठरा मोटरींत डीपी भरला. त्यावर पंचवीस मोटरी आणि वर आकडे टाकलेले असले तर फ्यूज उडणारच.

त्यात ऑटोस्विच. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. रानात कुणी नसताना लाईट आली की अठरा मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. १३३ अँपिअरच्या डीपीवर एकदम सहा-सातशे अँपिअर. फ्यूज उडतो, पुन्हा बांधतात, पुन्हा उडतो. शेवटी फ्यूजच्या जागी जाड तार टाकतात. मग फ्यूज उडत नाही, डीपीच जळतो. भर उन्हाळ्यात डीपी बदलून यायला लागणारे दिवस डाळिंबाला, उसाला परवडत नाहीत.

वळवाचा पहिला पाऊस

एप्रिल-मेमध्ये दोन सरी पडल्या की लाईट का जाते, हाही नेहमीचा प्रश्न. खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर दिवसभर तापलेले असतात. त्यावर गार पाणी पडलं की बारीक भेग जाते. त्या भेगेतून वीज खांबात उतरते आणि सबस्टेशनला फीडर ट्रिप होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. कोणत्या खांबावर दोष आहे, हे शोधायला लाईनमनला रात्री पावसात सगळी लाईन पायी पाहावी लागते.

लाईट गेली, तर आधी हे बघा

१. फक्त तुमच्याच घरची गेली का? मग आधी घरातला एमसीबी बघा. तो ठीक असेल तर दोष मीटर किंवा सर्व्हिस वायरचा.

२. काही घरांत आहे, काहींत नाही? डीपीवरचा एक फेज गेलाय.

३. काही घरांत बल्ब एकदम प्रखर, काहींत मिणमिणता? न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. ताबडतोब मेन स्विच बंद करा, नाहीतर टीव्ही, फ्रिज जळतील.

४. एका डीपीवरची सगळी घरं अंधारात, पण पलीकडच्या गल्लीत लाईट आहे? दोष डीपीवर.

५. शेजारच्या गावातही नाही? फीडर किंवा सबस्टेशन. वेळापत्रकानुसार शेतीची लाईट बंद असेल तर तो बिघाड नाही.

एवढं सांगून तक्रार केली तर लाईनमनचा अर्धा वेळ वाचतो. १९१२ हा क्रमांक किंवा १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे महावितरणचे टोल फ्री क्रमांक आहेत. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. वायरमनला केलेल्या फोनची नोंद राहत नाही, या क्रमांकावरच्या तक्रारीची राहते. वीज नियामक आयोगानं दुरुस्तीसाठी तासांची मुदत घालून दिली आहे. मुदत उलटली तर भरपाई मागता येते, पण त्यासाठी नोंद लागते. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

आपल्या हातात काय, मागायचं काय?

आपल्या हातातलं आधी. ऑटोस्विच काढा. मोटरीला कपॅसिटर बसवा. पाच एचपीला साधारण २ केव्हीएआरचा लागतो, इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. त्यानं डीपीवरचा करंट कमी होतो आणि व्होल्टेज सुधारतं. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी पाळ्या लावून घ्या, पाण्याच्या लावतो तशाच. सिंगल फेज असताना जुगाड करून थ्री फेज मोटर चालवू नका.

आता मागायचं. डीपी महावितरणच्या मालकीचा आहे, त्याची देखभाल हे त्यांचंच काम. आपण काटकसर केली म्हणून ती जबाबदारी संपत नाही. ग्रामसभेत ठराव करून लेखी मागा : गावातल्या प्रत्येक डीपीचा संध्याकाळचा लोड तिन्ही फेजवर मोजा. एका फेजवर जास्त असेल तर वाटून द्या. तरीही बसत नसेल तर डीपीची क्षमता वाढवा किंवा दुसरा द्या. तेलाची पातळी, अर्थिंग, लोंबत्या तारा आणि फांद्या यांचं काम उन्हाळ्याआधी झालं का, ते विचारा. मागणी हिवाळ्यातच द्या. मे महिन्यात सगळ्याच गावांची रांग असते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून सबस्टेशनजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची आहे. रात्रीचं दारं धरणं त्यामुळे सुटू शकतं. मात्र ती वीजही शेवटी त्याच डीपीतून येणार, हे विसरू नका.

जिवावर बेतेल असं काही नको

उकाड्यानं जीव कासावीस होतो, लेकरं रडतात, आणि कुणीतरी म्हणतं, ‘चल, मीच फ्यूज टाकतो.’ डीपीवर चढू नका, गावातल्या हुशार पोराला चढवू नका. एक फेज बंद दिसला तरी वरच्या तारेत ११ हजार व्होल्ट असतात. जनरेटर किंवा इन्व्हर्टर मेन लाईनला उलटा जोडू नका. लाईन बंद समजून खांबावर चढलेल्या लाईनमनला त्याचाच झटका बसतो. तुटलेली तार दिसली तर लांब थांबा, जनावरं आणि मुलं दूर ठेवा आणि १९१२ ला कळवा.

रात्रभर गेलेली लाईट सकाळी येते. डीपीवर गेलेला माणूस परत येत नाही.